वाइनची पारख आणि वेटरचा हक्क

आपली कितीतरी मुले-मुली आज मोठ्या हॉटेलांत वेटरचे काम करतात. वाइन चाखण्याच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की घरातून आणि विहारातून विरोध होतो. हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. पाचवे शील आहे, १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. उपासकाने मद्याचा व्यापार करू नये, असेही धम्म सांगतो. वाइनचे दुकान काढा, असे मी कोणालाच सांगणार नाही. पण व्यापार मालक करतो. वेटर बाटली टेबलापर्यंत नेतोच आहे. ती हमालासारखी नेऊन तुटपुंज्या पगारात राहायचे, की त्यातली विद्या हस्तगत करून वरची जागा मागायची?

आणि ही विद्या म्हणजे पिणे नव्हे. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा. पांढरी वाइन जुनी होताना सोनेरी होते, तांबडी विटकरी रंगाकडे झुकते. पेला फिरवून वास घ्यायचा. मग घोटभर तोंडात खेळवायची. लाळ सुटली तर आंबटपणा, कच्चे केळे खाल्ल्यासारखे तोंड कोरडे पडले तर टॅनिन. आणि थुंकायची. जगभरचे पारखी थुंकतातच, कारण ओळीने नमुने तपासणाऱ्याला शुद्ध लागते. बुचामुळे बिघडलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तिथे तर बहुधा नाकच पुरते. गिऱ्हाइकाला आधी थोडी ओतून देतात ती हीच खराबी तपासायला, त्याच्या खानदानी रुचीचे प्रदर्शन मांडायला नव्हे!

रुची खानदानातून येते, ही चातुर्वर्ण्याचीच भाषा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक ॲन नोबल यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचे चक्र तयार केले. त्यात 'उमदी', 'डौलदार' असले शब्द नाहीत. सफरचंद, मिरी, कापलेले गवत अशा वस्तू आहेत, ज्या कोणीही हुंगून शिकावे. ब्लॅककरंट आपल्या पोरांनी पाहिलेले नसेल. नसू दे. सॉव्हिन्यॉ ब्लांमधला पेरू आणि ढोबळी मिरची, शिराझमधली मिरी ओळखायला परदेशी जावे लागत नाही. जांभूळ-करवंदे खाल्लेली जीभ काही कमी शिकलेली नसते. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या नाकाच्या निवाड्यावर आज शेठजींची बाटली परत जाते. मला याचा आनंद होतो, लपवत नाही.

मुलींसाठी तर कायद्याने दार उघडले आहे. मद्य प्यायले जाते अशा जागी स्त्रियांना नोकरी नाकारणारे १९१४च्या पंजाब अबकारी कायद्याचे कलम ३० दिल्ली उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले होते. अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, तोही ६ डिसेंबर २००७ रोजी, महापरिनिर्वाण दिनी.

प्रश्न उरतो पैशांचा. लंडनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या डब्ल्यूएसईटीसारख्या संस्थांच्या परीक्षांची फी वेटरच्या खिशाला परवडणारी नाही. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइन उद्योगाला सवलती दिल्या. त्या उद्योगाचा माल ज्याच्या तोंडून खपतो, त्याच्या शिक्षणाचा खर्च हॉटेलमालकाने आणि वायनरीने उचलावा, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी का करू नये? नेमणूकपत्रात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रशिक्षणाची फी मालकाची, आणि चाखल्यावर थुंकण्याची मुभा. जिभेलाही लावायची नसेल, त्याला केवळ वासावर शिकू द्यावे.