पळपुटा म्हणता?

गोदीतली पाळी मारून रात्री अंजूरफाट्यावरून माणकोलीकडं मी पळतो. कंटेनरची धूळ खात. आवडतं म्हणून. छावणीतला दोस्त म्हणाला, "ही बूटवाल्या शेटलोकांची थेरं. पळपुटा झालास."

भल्या माणसा, पळणं मुळात कुणाचं? माझा पणजा येसकराची काठी घेऊन साहेबाच्या घोड्यापुढं पळाला. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळाला. शिळ्या तुकड्यावर. 1958 च्या कायद्यानं वतन गेलं, बरं झालं. पण पाय तर आपलेच आहेत ना? ते शेटला का आंदण द्यायचे?

बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बघ. आईबाप वीटभट्टीवर. पोरगं शाळेला सहा किलोमीटर तुडवायचं. पाचव्या महार बटालियनमध्ये शिपाई झाला. 2022 ला बर्मिंगहॅमला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 11.20 सेकंदांत मारली, रौप्य आणलं. केनियावाला पुढं होता फक्त पाच शतांश सेकंद! त्याची जात मी विचारत नाही. वीटभट्टी मला पुरते, ती भिवंडीतही धगधगते.

पहिल्यांदा माणकोली गाठली तेव्हा मागं वळून बघितलं. मुकादम नव्हता, पोलीस नव्हता, गाव नव्हतं. कुणी पाठीस नसताना पळालेला आमच्या घरातला मी पहिलाच.

उद्या दहाला फाट्यावर उभा आहे. चप्पल घालून आलास तरी चालेल.