दोरापेक्षा वाट पाहणे क्रूर

फाशीऐवजी इंजेक्शन दिले की देहदंड माणुसकीचा होतो, हे आपण छापलेल्या लेखाच्या लेखकाचे म्हणणे पटत नाही. ‘न्यायालयाने फाशीच्या पद्धतीचा कधी विचारच केला नाही’ हे विधान तर चूक आहे. दीना खटल्यात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न तपासून फाशी वैध ठरवली. इंजेक्शनचा पर्याय विधी आयोगाने 2003 मध्ये सुचवला होता, हे मान्य. पण अमेरिकेत अलाबामात 2022 साली इंजेक्शनसाठी शीर सापडेना म्हणून केनेथ स्मिथ या कैद्याला जिवंत परत न्यावे लागले. यात वेदनामुक्ती कुठे आहे?

खरी क्रूरता शेवटच्या क्षणांपुरती नसते. आमच्या बेंगळुरूतल्या 1998 च्या खून-बलात्काराच्या गुन्ह्यातील बी. ए. उमेशला बेळगावच्या तुरुंगात सुमारे दहा वर्षे एकांतवासात ठेवले. त्याचा गुन्हा भयंकर होता, पण ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने सुनावली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच कारणावरून त्याची फाशी रद्द करून किमान तीस वर्षांची कैद दिली. कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशीही दयेच्या अर्जाला सुमारे आठ वर्षे लागली म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. त्यांनी मारलेल्या मुलांच्या आईबापांनीही तेवढीच वर्षे निकालाची वाट पाहिली. लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

सुई की दोर हा वाद नंतर घाला. आधी दयेच्या अर्जांवरील निर्णयाला कायद्याने मुदत घाला आणि बेकायदा एकांतवास थांबवा.

— एक वाचक, इंदिरानगर, बेंगळुरू