परीक्षा मुलांची, कसोटी पालकांची

दहावीचा निकाल लागला की लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, कर्नाटकाला लागून असलेल्या देवणी तालुक्यातून अनेक मुले-मुली लातूर शहराकडे निघतात. कोणी वसतिगृहात राहतात, कोणी डबा लावून भाड्याच्या खोलीत. पुढील दोन वर्षे, पुष्कळदा तीन, ‘नीट’ या एकाच परीक्षेसाठी वाहिलेली असतात. मुलांच्या या स्थलांतराची आता कोणाला नवलाई राहिलेली नाही. मात्र या परीक्षेने घरांचे काय केले आहे, याचा विचार आपण पालकांनी शांतपणे करावयास हवा.

आईवडिलांना नुसता दोष देणे सोपे आहे. पण त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. हा भाग सोयाबीन आणि तुरीचा, पावसाच्या भरवशावर जगणारा. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याच्या हाती बहुधा त्याहूनही कमी पडले. अशा घराला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होणे म्हणजे शेतीच्या जुगारातून सुटका वाटते. त्या आशेला हावरेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय लातूरची कीर्ती पोकळ नव्हती. राजर्षी शाहू व दयानंद या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी जादा तास, वारंवार सराव परीक्षा आणि चुकांची उजळणी यांच्या बळावर ग्रामीण मुलांना गुणवत्ता यादीत नेले. त्यालाच ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले. तो पॅटर्न महाविद्यालयाच्या वर्गात घडला होता, हे आज विसरले जाते. २०१७ पासून राज्यातील एमबीबीएसचे सर्व प्रवेश नीटवर होऊ लागले, एनसीईआरटीची पुस्तके महत्त्वाची ठरली आणि राज्य मंडळाचा विद्यार्थी खाजगी शिकवणीकडे अधिकच ढकलला गेला. काही ठिकाणी अकरावी-बारावीचा प्रवेश तर नावापुरताच उरला. पुढे २०२० साली विभागनिहाय ७०:३० हे प्रवेशसूत्रही रद्द झाले. मराठवाड्यात वैद्यकीय जागा कमी असल्याने ही येथील पालकांचीच मागणी होती आणि ती रास्त होती.

आता थोडे गणित पाहू, कारण शुल्काच्या हप्त्यांचे गणित घरोघरी होते, पण हे होत नाही. २०२५ च्या नीट परीक्षेस देशभरातून सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खाजगी संस्थांतील, म्हणजे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या. शंभर परीक्षार्थींमागे पाच-सहा जागा, असे हे प्रमाण आहे. त्याच वर्षी १२ लाखांहून अधिक विद्यार्थी ‘पात्र’ ठरले. या शब्दाने अनेक घरे फसतात. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइल असते, म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणे एवढाच तिचा अर्थ. पात्र ठरूनही प्रवेश न मिळणे हाच बहुसंख्यांचा अनुभव आहे. शिकवणी वर्गांच्या फलकांवर निवड झालेल्यांची छायाचित्रे असतात. त्याच बाकांवर बसलेल्या उरलेल्यांची संख्या कोणी छापत नाही.

मग ज्या परीक्षेत जागा न मिळणे हीच सर्वसाधारण गोष्ट आहे, तिच्यात जागा न मिळालेल्या मुलाला आपण अपयशी कसे ठरवतो? अभ्यासात कसूर झाली असेल तर ती जरूर दाखवावी. पण ९४ मुलांनी बाहेर राहावे अशीच जिची रचना आहे, त्या परीक्षेचा निकाल हा मुलाच्या स्वभावाचा वा कृतज्ञतेचा दाखला नव्हे.

हे न उमगल्यास काय घडू शकते, ते जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात दिसले. नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत बारावीतील मुलीचा मृत्यू झाला. मूळ परीक्षाही नव्हे, सराव परीक्षा! हे टोकाचे उदाहरण आहे, मान्य. पण ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसले’ हे वाक्य किती घरांतून फोनवर दर रविवारी ऐकवले जाते? हात न उगारताही मुलाला कर्जदार करता येते.

आणि ज्या परीक्षेवर एवढे ओझे टाकायचे, ती तरी निर्दोष होती काय? २०२४ च्या नीटमध्ये प्रथम ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, सुधारित निकालात ते १७ उरले. गैरप्रकारांच्या तपासात लातूर जिल्ह्यातील दोन शिक्षकांना अटक झाली आणि तो तपास पुढे सीबीआयकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी परीक्षा संपूर्ण रद्द करण्यास नकार दिला. पण जूनपासून तोवरचे ते आठवडे घरात बसून काढलेल्या मुलांना विचारावे. (शेजारच्या नांदेडमध्ये २०१० साली तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम राबवली होती, याची अशा वेळी आठवण होते.)

पालकांच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग घेऊ नयेत, आठवड्याची सुटी द्यावी, आणि मूल मध्येच बाहेर पडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश दिले. गुणांनुसार मुलांच्या तुकड्या पाडणे टाळावे आणि शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, असे त्यांत आहे. पैसे भरण्यापूर्वी या गोष्टी विचारणाऱ्या पालकास कोणी उद्धट म्हणणार नाही, आणि म्हटले तरी विचाराव्यात.

सर्वांत अवघड प्रश्न दुसऱ्या प्रयत्नाचा, म्हणजे ‘रिपीट’चा. तो निर्णय निकालाच्या संध्याकाळी, नातेवाइकांच्या गराड्यात होऊ नये. प्रयत्न किती आणि खर्चाची मर्यादा कोणती, हे लातूरला खोली पाहण्यापूर्वीच मुलासमोर बसून ठरवावे. तसे ठरलेले असले, तर पहिला निकाल मनासारखा न लागल्यास मुलाला आईवडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर द्यावे लागत नाही.

आपल्या धर्मग्रामांतही फेब्रुवारीत परीक्षार्थींसाठी प्रार्थना होते, ती व्हावीच. परंतु जूनमध्ये, ज्या घरात पेढे वाटले गेले नाहीत त्या घरी चहाला कोण जाते?

दुसरी दारे दूर नाहीत. शेजारच्या उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला कृषी महाविद्यालय आहे. पशुवैद्यकीयला प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो, तरी ‘जनावरांचा डॉक्टर’ म्हणून आपण तो पर्याय अखेरच्या ओळीत लिहितो. तेही ज्या तालुक्याचे नाव देशभर देवणी गोवंशामुळे ठाऊक आहे, तेथे! कृषी व औषधनिर्माण शास्त्रासाठी राज्याची सीईटी असते. तिचा अर्ज नीटच्या अर्जाबरोबरच भरून ठेवावा. पुष्कळ घरांत ‘लक्ष विचलित होईल’ म्हणून तो भरलाच जात नाही.

खोलीवर एकटे राहणारे मूल जेवण टाकत असेल, फोन घेणे टाळत असेल, झोपत नसेल, तर पुढच्या सराव परीक्षेची वाट न पाहता त्याच दिवशी लातूरला जावे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते आणि पालकही फोन करू शकतात.