इसार देण्याआधी झाकण उघडा

महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. सुटीसाठी का होईना, खरेदीखतावर तिचं नाव येतं, हे चांगलंच. पण घर पाहायला गेल्यावर तिला ओटा दाखवतात, देवघराची जागा दाखवतात. मागचं सिमेंटचं झाकण दाखवत नाहीत, तो म्हणे पुरुषांचा विषय. टाकी तुंबली की मात्र विषय तिचा. मोरीतून उलटं आलेलं पाणी कोण काढतं, हे आपल्याला एकमेकींना सांगायला नको.

आमच्या गटातली एक अंगणवाडी सेविका सध्या या पेचात आहे. शहराच्या हद्दीलगतच्या गावात दोन खोल्यांचं जुनं घर. ड्रेनेज लाईन नाही. पावसाळ्यात संडास तुंबतो हे शेजारणीने सांगितलं, मालकाने नाही. आता तो म्हणतो, पन्नास हजार कमी करतो. नवरा म्हणतो, घेऊन टाकू. ती विचारते, "ताई, घेऊ का सोडू?"

माझ्या मते नुसती तुंबते म्हणून घर सोडू नये. काळ्या मातीत शोषखड्ड्याचं पाणी मुळातच सावकाश जिरतं, जमीन भिजली की जिरतच नाही. जागा असेल तर खड्डा मोठा करता येतो. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, आणि पुष्कळ घरांत ती बांधल्यापासून उपसलेलीच नसते. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर पाणी तपासून घ्यावं. गवंड्याकडून खर्च काढावा, तो किमतीतून वजा करून साठेखतात लिहून घ्यावा. तोंडी पन्नास हजारांना काही अर्थ नाही. (महारेरात नोंदलेल्या नव्या इमारतीत ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने दुरुस्त करून द्यायचे असतात. जुन्या घराला तो आधार नाही.)

पण काही टाक्यांवर न्हाणीघर बांधलेलं असतं, झाकण बुजवलेलं असतं, मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप तिथवर पोचत नाही. मग कोणाला तरी आत उतरवतात. त्याची जात कोणी विचारत नाही, कारण ती सगळ्यांना ठाऊक असते. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. पण तो अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायच्या त्याच्या विधवेने. अशा टाकीला नवं झाकण आणि पाइपला वाट करून घेता येत नसेल, तर ते घर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

गरीब बाईने एवढा विचार करत बसायचं का, असं गटातच एकीने विचारलं. तिचा राग रास्त आहे. आमच्या पैशांत येतात ती घरं अशाच गल्ल्यांमध्ये असतात. पण म्हणून दुसऱ्या बाईचा नवरा आत उतरवायचा, हे मला मान्य नाही. लहान उपसागाडी आणि लांब पाइप ही ग्रामपंचायतीची जबाबदारी धरायला हवी. पुढच्या महिला ग्रामसभेत हा ठराव आम्ही मांडतो आहोत. सेविकेने मालकाला निरोप धाडलाय की रविवारी गवंड्यासमोर झाकण उघडून दाखवा, त्याआधी इसार मिळणार नाही.