वळणांची वही

मोटारींच्या शर्यतीचा साहित्याशी संबंध काय, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण मॉन्टे कार्लो रॅलीविषयी वाचताना आमच्या ध्यानात आले की, या खेळाच्या केंद्रस्थानी एक हस्तलिखित वही आहे आणि ती मोठ्याने वाचणारा एक माणूस आहे.

1911 साली सुरू झालेली ही रॅली जानेवारीत फ्रेंच आल्प्सच्या घाटांत रंगते. रस्ता डांबरी, पण एकाच टप्प्यात कोरडे डांबर, ओल, बर्फ आणि डोळ्यांना न दिसणारा गोठलेल्या पाण्याचा पातळ थर, असे सारे भेटते. उन्हातले वळण कोरडे, तर सावलीतले लगेच पुढचे निसरडे. 1607 मीटर उंचीची कोल द तुरिनी ही खिंड यासाठीच ख्यातनाम आहे. खिळ्यांचे टायर बर्फावर तारतात, कोरड्या डांबरावर वेळ खातात. गुळगुळीत टायरांचे नेमके उलट. म्हणून काही चालक दोन्ही प्रकारचे टायर एकाच गाडीला लावतात. कोठेच पूर्णतः योग्य नसलेली निवड ते जाणूनबुजून करतात.

आता वहीविषयी. शर्यतीपूर्वी चालक व सहचालक प्रत्येक टप्पा बेताच्या वेगाने दोनदा पाहतात. चालक सांगतो, सहचालक खुणांच्या लिपीत टिपतो: वळण डावे की उजवे, किती तीव्र, पुढचे अंतर किती. दुसऱ्या फेरीत ते पडताळले जाते. शर्यतीत सहचालक वाचतो आणि चालक न दिसणारे वळण कानांनी पाहतो. 1955 च्या मिल्ले मिल्यात डेनिस जेन्किन्सन यांनी गुंडाळीवर लिहिलेल्या टिपणांच्या आधाराने स्टर्लिंग मॉस यांनी सुमारे हजार मैलांची शर्यत दहा तास आणि काही मिनिटांत जिंकली. ती याच वाचनाची आरंभीची कीर्तिकथा.

परंतु टिपणे शिळी होतात. रात्रीत पाणी गोठते आणि कालची वही आज खोटी ठरते. म्हणून प्रत्येक संघाचे अनुभवी लोक शर्यतीच्या काही तास आधी पुन्हा त्या रस्त्याने जातात आणि कोठे बर्फ आहे ते वहीत नोंदवतात. तरीही धोका उरतोच. 2005 साली तुरिनीवर प्रेक्षकांनीच रस्त्यावर बर्फ टाकला. मार्कस ग्रॉनहोम आणि पेटर सोलबर्ग दोघेही तेथे आदळले, सोलबर्ग यांना तर माघार घ्यावी लागली.

आमच्या वर्गांतही वह्या आहेत. एका पिढीने उतरवून दुसरीला दिलेल्या. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले. त्यावर ‘अपरिचित जगाचे दाहक दर्शन’ अशा धाटणीची टिपणे झाली आणि ती आजही वाचून दाखवली जातात. परंतु समोरच्या बाकांवर आज अशी मुले-मुली बसलेली असतात, ज्यांच्या आजोबांनी ते जगणे भोगले आहे. अपरिचित ते कोणाला? टिपण लिहिणाऱ्याला. तेच वाक्य या वर्गात उच्चारताना आपण त्या विद्यार्थ्यांना वाचकांच्या पंक्तीतून उठवतो, याचे भान आपल्याला असते काय?

वह्या फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. टिपणांशिवाय रात्रीचा घाट त्या वेगाने कोणीही उतरू शकत नाही. परंपरेवाचून वाचनही दुबळेच. आमचे मागणे एवढेच, की वर्गात शिरण्यापूर्वी अध्यापकाने संहितेच्या रस्त्यावरून त्या सकाळी एकदा स्वतः जाऊन यावे आणि जुन्या वहीच्या समासात आजचा बर्फ नोंदवावा. ते न करता केलेले वाचन कितीही सफाईदार असले, तरी त्याचा अपघात चालवणाऱ्याला होत नाही. तो मागे बसलेल्यांना होतो.