फॉरमॅटला 'हो' म्हणण्याआधी

गेल्या पावसाळ्यात शेजारचे चाचा एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन आमच्या म्हसावदच्या घरी आले. दुकानात त्यांना सांगितलं होतं, "डिस्क गेली, फॉरमॅट करावी लागेल." तिच्यात त्यांच्या अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, शेताचं खरेदीखत आणि मुलीची सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून ठेवलेली. मूळ खरेदीखत वाळवीने अर्धं खाल्लेलं.

मी डिस्क लॅपटॉपला जोडली. 'धिस पीसी'मध्ये काहीच दिसेना. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं. खालच्या भागात लॅपटॉपची 'डिस्क 0' आणि तिच्याखाली 'डिस्क 1', 931 जीबी, निळी पट्टी, 'हेल्दी'. (1 टीबीची डिस्क विंडोज 931च दाखवतं, कुणी फसवलेलं नसतं.) फक्त ड्राइव्हचं अक्षर गायब होतं. पट्टीवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर', 'अ‍ॅड'. दोन मिनिटांत सगळ्या फायली समोर. अक्षर दिल्याने आतला डेटा पुसला जात नाही. फॉरमॅट केलं असतं तर?

मला ते माहीत आहे, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः घाईत 'फॉरमॅट' दाबून नानीचे सगळे फोटो घालवले होते. क्विक फॉरमॅटनंतर डेटा लगेच नाहीसा होत नाही, डिस्कवर नवीन काही न टाकता रिकव्हरी करता येते, हे तेव्हा कळलं नव्हतं. मी त्याच डिस्कवर पिक्चर भरले.

आपल्या मोहल्ल्यात रील एडिट करणारी पोरं डझनाने सापडतील. ही एक खिडकी उघडता येणारी किती? आपल्याकडे कागद हा साधा विषय नाही. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998ला झाला, त्याआधीच्या आपल्या कागदांवर जिल्हा धुळे आहे. हरवलेल्या कागदाची नक्कल काढायला बाप-लेकाला किती चकरा पडतात, हे घरात विचारा. असे कागद असलेली डिस्क आपण अनोळखी काउंटरवर ठेवून येतो, हे मला पटत नाही.

नवी डिस्क घेतली तर 'इनिशियलाइझ' विचारेल, तिथे जीपीटी निवडा. एमबीआर 2 टीबीच्या पुढची जागा वापरत नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस, मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट. फॅट32 नको, 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही.

पण भरलेली जुनी डिस्क 'इनिशियलाइझ करू का' विचारत असेल, किंवा 'रॉ' दाखवत असेल, तर 'कॅन्सल' दाबा आणि जाणकाराला बोलवा. आणि काहीही दाबण्याआधी डिस्कचा नंबर व आकार दोनदा बघा. घाईत लोक लॅपटॉपचंच पार्टिशन उडवतात.

कुणी म्हणेल, सगळं क्लाउडवर ठेवा. ठेवा की. पण पासवर्ड विसरलेले चाचा मी पाहिलेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याचं नेटवर्क तुम्हीही पाहिलंय. डिस्कही कधीतरी मरतेच, म्हणून प्रती दोन हव्यात, त्याही दोन घरांत. चाचांची दुसरी डिस्क आता शहाद्याला त्यांच्या मुलीकडे आहे. ती तिने स्वतःच, फोनवर मला विचारत, तयार केली.