बेअरिंग वाजतंय तेव्हाच...

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आईशी फोनवर बोलण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक सरांनी पोटात घालाव्यात. पण हा विषय इंग्लिश सेक्शनला दिला असता तर त्याचा नुसता 'एसे' झाला असता. मला रूमवर बसून बोलतो तसं बोलायचंय.

मागच्या वर्षी आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरचा एक पोरगा होता. सुरुवातीला सगळ्यांसारखाच. जेवण झालं की दोन-तीन मॅच, मग झोप. हळूहळू त्याचा सकाळचा नाश्ता चुकायला लागला. मग पहिलं लेक्चर, मग प्रॅक्टिकल. दुपारी मेसमध्ये यायचा तेव्हा डोळे लाल. आणि आम्ही सीनियर काय करत होतो? त्याला 'प्रो' म्हणून हाक मारायची आणि हसायचं. डिफॉल्टर लिस्ट लागली, घरी पत्र गेलं, तेव्हा कुठे सगळे जागे झाले. शेवटी इयर डाऊन. त्याचे वडील सामान न्यायला आले होते. गादीला दोरी बांधता बांधता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही शेजारीच राहता ना?" मी नुसतं "हो काका" म्हटलं. दुसरं काय बोलणार?

मला ते जास्त लागलं, कारण पाच वर्षांपूर्वी त्याच्या जागी मी होतो. २०२० चं लॉकडाऊन, मी नववीतून दहावीत. शाळा मोबाइलवर आणि गेमही मोबाइलवरच. पहाटे तीनपर्यंत खेळायचो आणि क्लासमध्ये कॅमेरा बंद करून झोपायचो. पप्पांनी दोनदा फोन काढून घेतला, मी दोनदा घर डोक्यावर घेतलं.

मग मामा राहायला आला. मामा एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर. तो ओरडला नाही. शेजारी बसला आणि म्हणाला, "मला पण शिकव की." तीन दिवस माझ्याबरोबर खेळला, प्रत्येक वेळी पहिल्यांदा मेला. चौथ्या दिवशी सहज विचारलं, "झोपतोस किती वाजता रे?" मग एक जुनी डायरी दिली. रोज किती तास खेळलो ते फक्त लिहायचं, बाकी काही नाही. आठवड्याची बेरीज बघून माझा मीच गप्प झालो. तेव्हा बोलता बोलता बाहेर आलं की ऑनलाइन क्लासमध्ये मला गणित अजिबात कळत नव्हतं, आणि गेममध्ये निदान मी कोणीतरी होतो. मग दोन गोष्टी ठरल्या. रात्री दहानंतर नवीन मॅच सुरू करायची नाही, कारण ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, हे मामाला आता माहीत होतं! आणि गणिताला रोज एक तास मामेबहीण. मी आजही रविवारी खेळतो. पण झोपतो.

मामा म्हणाला होता, "बेअरिंग आवाज करतं तेव्हाच ग्रीस लावायचं असतं. शाफ्ट मोडल्यावर नाही." आपण हेच प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणून घोकतो आणि पेपरात लिहून येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातल्या खुणा तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण १२ महिने चाललं तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. म्हणजे प्रत्येक गेम खेळणारा आजारी नसतो, हे आधी आई-वडिलांनी लक्षात घ्यावं. पण १२ महिन्यांची अट आजाराला नाव देण्यासाठी आहे, मदत सुरू करण्यासाठी नाही. आणि आपल्याकडे १२ महिने म्हणजे दोन सेमिस्टर हो!

"मग बंदीच घाला," असं काही जण म्हणतील. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले होते. दहा वर्षांनी तो कायदा मागे घ्यायचं ठरलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइल बंद झाला (तोही आपल्या झोपेसाठी नाही, देशाच्या सुरक्षेसाठी!), तर पोरं दुसऱ्या गेमवर गेली. हॉस्टेलचं वाय-फाय रात्री बंद केलंत तरी प्रत्येकाच्या खिशात डेटा आहेच.

म्हणून रेक्टर सर आणि सगळ्या जीएफएम मॅडम-सरांना एक विनंती. फर्स्ट इयरची पोरं सतरा-अठराची, म्हणजे अजून टीनएजरच. डिफॉल्टर लिस्टची वाट बघू नका. आठवड्यात तीन नाश्ते चुकले की कोणीतरी दार वाजवावं. पहिल्या भेटीत दंड नको, घरी पत्र नको. "झोप होते का? कुठला विषय जड जातोय? घरची आठवण येते का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. तरीही सुटत नसेल तर डॉक्टर आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

आणि मित्रांनो, सर येईपर्यंत आपण थांबायचं कशाला? भिंतीपलीकडचा आवाज आधी आपल्यालाच ऐकू येतो. या वर्षी आमच्या विंगमध्ये नवीन पोरं आली आहेत. त्यातल्या एकाचा नाश्ता सोमवारपासून चुकतोय. हे लिहून झालं की मी त्याच्याकडे चाललोय, "मला पण शिकव की," म्हणायला.